‘वाटतो’वर लाल रेघ

मोठ्या सिस्टरांना ‘चहा कसा वाटला?’ असं विचारायची चूक मी आयुष्यात एकदाच केली. नोकरीला लागून चार दिवस झाले होते, आणि ऑफिसातल्या माणसानं वॉर्डातल्या लोकांशी गोड राहावं ही आईची शिकवण डोक्यात ताजी होती. बाईंनी कप बशीत ठेवला. आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "साखर दोन चमचे. आलं न्हाई. दूध करपलेलं."

संपलं. चांगला की वाईट, ते माझं मी ठरवायचं.

जालन्याहून अंबडकडे निघालं की शहर संपतं आणि सरकीच्या गोदामांची रांग लागते. तिथं एका ट्रस्टचं मनोरुग्णांचं इस्पितळ आहे. तीस पलंगांचा एक मोठा वॉर्ड, मागं स्वयंपाकघर, पुढं ऑफिस, आणि ऑफिसात मी, कारकून. इस्पितळाचं नाव सांगणार नाही. माझ्या हातून त्यांची प्रसिद्धी होऊ नये, बदनामीच्या वाटेनंसुद्धा. त्या वॉर्डाच्या इन्चार्ज म्हणजे मोठ्या सिस्टर. माहेर तीर्थपुरीकडचं, शेतकऱ्याघरचं. राहायला मस्तगडला, दोन खोल्यांत, नवऱ्यासोबत. सकाळी पावणेआठला यायच्या आणि संध्याकाळी सहाला जायच्या. कागदावर पाळी आठ तासांची होती, पण आमच्याकडं कागदावर सिस्टरही अठरा होत्या. प्रत्यक्षात त्यांना धरून बारा.

वॉर्डात त्यांचा कायदा एकच. जे बघितलं ते लिहायचं, जे वाटलं ते घरी न्यायचं.

पाळी संपताना सिस्टरनं रिपोर्ट बुकात प्रत्येक रुग्णाबद्दल दोन ओळी लिहायच्या असतात. नवी आलेली मुलगी लिहायची, ‘पलंग सात, रुग्ण शांत वाटतो.’ की मोठ्या सिस्टर अंबाड्यात खोचलेलं लाल बॉलपेन उपसायच्या. पेन अंबाड्यात का, तर खिशातल्या पेनापर्यंत कुणाचाही हात पोचतो, डोक्यामागं पोचत नाही. त्या पेनानं ‘वाटतो’वर आडवी रेघ बसायची.

"वाटतो म्हंजे? पाय हलून राह्यला का? जेवला किती? डोळे कुठं व्हते, दारावर का भिंतीवर?"

पोरगी निमूटपणे परत वॉर्डात जाऊन बघून यायची आणि लिहायची: उजवा पाय हलत आहे. अर्धी पोळी खाल्ली. दाराकडे बघत आहे.

"आता सांग, हा शांत हाय का?"

"न्हाई, सिस्टर."

"मंग मघाशी शांत कोणाला वाटला? तुला. का, तर तू दमलीस. तुझं दमणं त्याच्या कागदावर लिहू नको."

हे मी ऑफिसच्या खिडकीतून ऐकायचो आणि मनात हसायचो. पुढं ते हसू माझ्यावरच कसं उलटलं ते येतंच.

हा कायदा वॉर्डापुरता राहिला असता तर गोष्ट वेगळी. बाईंनी तो सगळ्या जगाला लावला होता. पाऊस येईल असं वाटतंय का, तर "आभाळ काळं हाय. पुढचं मला माहीत न्हाई." सून कशी वाटली, तर "उंच हाय. पोळ्या पातळ करती." एकदा एका आगाऊ शिकाऊ पोरीनं विचारलं, सिस्टर, तुमचं मिस्टरांवर प्रेम आहे का? सगळ्या पोरी पदरात तोंड घालून बसल्या. बाईंनी विचार केला आणि सांगितलं, "रोज सातला डबा भरून देतात. एकोणतीस वर्षं झाली. भाजीत मीठ बराबर असतं." मला तरी त्यानंतर कुठल्या नवरा-बायकोंबद्दल याहून मोठं काही ऐकायला मिळालेलं नाही.

बसायच्या नेहमी पाठ भिंतीला लावून. वॉर्डाच्या ज्या कोपऱ्यातून तीसही पलंग दिसतात तिथं त्यांची लोखंडी खुर्ची. दुसऱ्या कुणी ती इंचभर सरकवली तरी त्यांना कळायचं. भाच्याच्या लग्नात, तीर्थपुरीला, मांडवाच्या खांबाला पाठ टेकून बसल्या आणि पंगत उठेपर्यंत कोणी दोनदा जेवलं ते मोजलं. मीही होतो त्या लग्नात. दोनदा जेवणाऱ्यांत मी होतो. सोमवारी ऑफिसात येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "पोट कसं हाय, बाबूजी?"

वॉर्डात पळायच्या नाहीत, पळू द्यायच्या नाहीत. एक पळाला की तीस पळतात, हे त्यांचं म्हणणं. भांडण झालं तरी त्या चालतच जायच्या, बाजारात मेथीची जुडी निवडायला निघाल्यासारख्या. आणि रुग्णाच्या तोंडाकडं शेवटी बघायच्या. "तोंडाला शिकवता येतं, बाबूजी. पायाच्या अंगठ्याला न्हाई."

आता मामांची गोष्ट. त्याशिवाय माझा संताप तुम्हाला कळणार नाही, आणि तो कळावा म्हणूनच हे सगळं चाललंय.

मामा वडीगोद्रीकडचे. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. साठीला आल्यावर त्यांना लांडग्यांचे आवाज ऐकू यायला लागले, जिथं लांडगा नाही तिथंही. झोपेना झाले. शेजाऱ्याच्या दारात काठी घेऊन उभे राहायला लागले, तेव्हा मुलानं आणून दाखल केलं. पलंग बावीस. औषधानं आवाज थांबत होते, पण मामा गोळीच घेईनात. जबरदस्ती केली की थुंकायचे. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन देऊ. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, दोन दिवस द्या, मला बघू द्या.

दोन दिवस बघितलं. मग तिसऱ्या संध्याकाळी, साडेपाचला, जेवणं उरकल्यावर गोळ्यांचा ट्रे घेऊन त्या मामांच्या पलंगापाशी गेल्या आणि म्हणाल्या, चला, मोजू. मेंढपाळ संध्याकाळी जाळीत मेंढरं कोंडताना एकेक मोजून घेतो, मोज लागल्याशिवाय पाठ टेकत नाही, हे त्यांनी मामांच्या मुलाकडून काढून घेतलं होतं. मग साठीतले मामा आणि साठीकडं झुकलेल्या सिस्टर, दोघांनी वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पलंगांवरची माणसं मोजली. मोठ्यानं. तीस भरले.

"मोज लागली," मामा म्हणाले.

"आता राखण माझी," बाई म्हणाल्या. मामांनी गोळी गिळली, जीभ उचलून दाखवली.

त्या दिवसापासून हा रोजचा नेम झाला. बाकीचे रुग्णसुद्धा साडेपाच वाजले की आपापल्या पलंगावर येऊन मोजले जायला बसायचे. डॉक्टर, आठवड्यातून तीनदा येणारे, पण भला माणूस, म्हणायचे की हे कुठल्या पुस्तकात नाही. बाई म्हणायच्या, पुस्तकात मामा न्हाईत.

आणि अशा चालत्या गाड्याला खीळ घालायला ट्रस्टच्या सचिवांनी एक सल्लागार आणला.

मोठ्या शहरातला होता. पाय दिसू नयेत इतके चकचकीत बूट. त्याच्याजवळ एक फॉर्म होता, वर लिहिलेलं ‘परिचारिकांची कामातील समरसता’. वीस वाक्यं आणि प्रत्येकासमोर पाच रकाने: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेक वेळा, नेहमी. त्यावरून म्हणे कळणार होतं की कोणती सिस्टर कामात किती जीव ओतते. रिकाम्या सहा जागा का भरल्या नाहीत, हे कुठल्याही वाक्यात नव्हतं. दोन सिस्टर तीस माणसांना कशा पुरतात, हेही नव्हतं. पाणी नसलेल्या विहिरीवर उभं राहून रहाटाला विचारायचं, तुझा उत्साह कसा आहे?

फॉर्म वाटायचं काम माझ्याकडं. एकेक सिस्टर आली, फॉर्म घेतला, वाचला आणि मला विचारलं, बाबूजी, यात बरोबर उत्तर कुठलं? आणि मी, शहाणा, सरकारी-निमसरकारी कागदांत केस पांढरे केलेला, म्हणालो, शेवटचा रकाना. सरळ वरून खाली या. एकीनं तर टिक करायचेही कष्ट घेतले नाहीत, पट्टी घेऊन उभी रेघच मारली. अकरा फॉर्म अर्ध्या तासात गोळा झाले.

बाराव्याला तीन दिवस लागले. मोठ्या सिस्टरांनी तो घरी नेला नाही, दुपारच्या जेवणाच्या वेळेत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून, एका डोळ्यानं वॉर्ड बघत भरला. जागा पुरली नाही म्हणून मागं दोन कागद टाचले. मी तो फॉर्म आजही विसरलेलो नाही.

‘सकाळी उठल्यावर मला कामावर जावंसं वाटतं.’ यातल्या ‘जावंसं वाटतं’वर लाल रेघ. शेजारी: जाते. वर्षात तीन रजा, तिन्ही पोटाच्या.

‘कामात वेळ कसा गेला ते कळत नाही.’ कधीच नाही. शेजारी: दर पंधरा मिनिटाला घड्याळ बघते. पलंग चारवर पंधरा मिनिटाला नजर ठेवायची आहे.

‘काम करताना मला आजूबाजूचं भान राहत नाही.’ कधीच नाही. शेजारी, दोनदा अधोरेखित: भान गेलं तर माणूस जाईल.

‘घरी गेल्यावरही माझं मन कामातच असतं.’ नाही. चार्ज दिला. पुढची सिस्टर आहे.

‘माझं काम मला प्रेरणा देतं.’ प्रश्न कळला नाही. प्रेरणा कुठं ठेवलेली असते ते दाखवावं.

मी म्हटलं, बाई, असं नका देऊ. नवा फॉर्म देतो, शेवटच्या रकान्यात टिक करा आणि मोकळ्या व्हा. त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. म्हणाल्या, "खोटा चार्ज दिला की पुढचा माणूस मरतो, बाबूजी." मी फॉर्म गठ्ठ्यात घातला.

निकाल सभागृहात जाहीर झाला. पडद्यावर अकरा हिरव्या पट्ट्या, उंच उंच, एकसारख्या, आणि शेवटी एक लाल, बोटभर. नाव लिहिलं नव्हतं, पण खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. सल्लागार सहानुभूतीनं म्हणाला, अशी माणसं वाईट नसतात, थकलेली असतात, त्यांना हलकं काम द्यावं. सचिवांनी मान हलवली. एकाच सभेत ठरलं: मोठ्या सिस्टर कपड्यांच्या स्टोअरला, आणि वॉर्ड त्या पट्टीनं रेघ मारणाऱ्या धाकट्या सिस्टरकडं, तिचा पुढच्या सोमवारी सत्कारही. धाकटी पोर रडकुंडीला आली होती. तिची काही चूक नव्हती. तिला पट्टी मीच दिली होती.

बाई उभ्या राहिल्या. पाठ भिंतीला होतीच. "साहेब, तुम्ही वॉर्डात आलते का?"

सल्लागार म्हणाला, तशी गरज नसते, सगळं आकड्यांत आलंय.

"म्हंजे बघितलं न्हाई," बाई म्हणाल्या. "वाटलं." आणि खाली बसल्या.

मी टाळी वाजवायला हवी होती. वाजवली नाही. खुर्च्यांचा हिशेब बघत राहिलो.

सोमवारी चार्ज दिला गेला. मोठ्या सिस्टरांचा चार्ज म्हणजे काय, तर पलंगापाशी उभं राहायचं, माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची, आणि त्याच्यासमोर सांगायचं की याला काय लागतं. धाकटी वहीत लिहून घेत होती. अठरा पलंग झाले, एकोणीस झाले. दारात सचिव पुष्पगुच्छ घेऊन उभे. पाहुणे आले होते, फोटोवाला आला होता.

"अजून अकरा राह्यले," बाई म्हणाल्या.

सचिव म्हणाले, बाकीचं लिहून ऑफिसात द्या, आम्ही पोचवू. आणि धाकटीला घेऊन गेले.

बाईंनी उरलेले अकरा पलंग लिहिले. स्वच्छ अक्षरात, तीन पानं. माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी शिक्का मारला, आवक नंबर टाकला, आणि फाईलला लावली.

फाईलला लावली. हे वाक्य मी दोनदा लिहितोय, कारण कारकुनाच्या आयुष्यात यापेक्षा मोठा गुन्हा मी केलेला नाही, आणि त्यासाठी मला कुणी कधी बोललंसुद्धा नाही.

कपड्यांचं स्टोअर स्वयंपाकघराच्या मागं, पत्र्याचं. वॉर्डातल्या मळक्या चादरी, अभ्रे, सदरे तिथं येतात, मोजून धुवायला जातात. सचिवांनी बाईंना तोंडी बजावलं होतं की नव्या इन्चार्जला मोकळेपणानं काम करू द्या, वॉर्डात फिरकू नका. बाई फिरकल्या नाहीत. हुकूम म्हणजे हुकूम. पण दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर एक कागद आला. ‘कपड्यांचा रिपोर्ट.’

मी वाचला, कारण पहिला होता. पलंग नऊ: चादरीला एकही सुरकुती नाही. झोपलेला नाही. पलंग चौदा: सदऱ्याची डावी बाही चावलेली. पलंग दोन: टॉवेलात पोळी बांधलेली, तिसऱ्यांदा. शेवटी सही.

मी सगळ्या ऑफिसला वाचून दाखवला. आम्ही पोट धरून हसलो. बाईंना वॉर्डातून काढलं तर त्यांनी चादरी तपासायला सुरुवात केली! मग शिक्का, आवक नंबर, फाईल. रोज एक कागद यायचा. रोज शिक्का. मी पुढं वाचायचंसुद्धा सोडून दिलं.

अठरा दिवसांनी मामांचा मुलगा जीप घेऊन आला. डॉक्टरांनी सोडायला परवानगी दिली होती. अठरा दिवस रिपोर्ट बुकात लिहिलेलं होतं: पलंग बावीस, शांत वाटतो, झोप चांगली वाटते, गोळ्या घेतो. मोजणी म्हणजे बाईंची हौस, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. धाकटी तरी काय करणार? दोन पोरी, तीस माणसं, आणि लाल पेन स्टोअरात. मी डिस्चार्ज कार्ड लिहीत होतो. मामांचा मुलगा समोर बसून बापाचे कपडे पिशवीत भरत होता, खुशीत होता. घरी गाभण मेंढ्या आहेत, म्हातारा बसून बघेल, त्याला बरं वाटेल, असं सांगत होता.

मोठ्या सिस्टर दारात आल्या. हातात उशीचा अभ्रा. चालत आल्या, पण मी पहिल्यांदाच त्यांना दम लागलेला पाहिला. त्यांनी अभ्र्याची दुमडलेली शिवण माझ्या टेबलावर उलटी केली. गोळ्या पडल्या. तोंडात ओल्या होऊन वाळलेल्या, कडा विरघळलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या.

"ह्या आजच्या," बाई म्हणाल्या. "अकरा दिवस झाले, लिहून राह्यले."

मी फाईल काढली. एकेक कागद उलटला. होतं. अकरा दिवस, रोज होतं. ‘पलंग बावीस: अभ्र्याच्या शिवणीत दोन गोळ्या. सोबत पुडीत जोडल्या आहेत.’ कागदाला टाचलेल्या पुड्या मी न उघडता फाईलला लावल्या होत्या. आणि त्यांच्या खाली ती तीन पानं. पलंग बावीस: मामांसोबत संध्याकाळी मोजणी केल्याशिवाय गोळी गिळत नाहीत.

डॉक्टर आले. मामांना बोलावलं. मामा गोळ्यांकडं बघून खजील झाले नाहीत, ओशाळले नाहीत. बाईंकडंच बघत राहिले.

"गोळी घेतली की झोप लागती, सिस्टर," ते म्हणाले. "गाढ लागती. मंग राखण कोणी करायची?"

"मी म्हणले व्हते ना, राखण माझी?"

"तुम्ही हायत कुठं? अठरा दिवस झाले, मोज न्हाई, काई न्हाई. तिसाला राखण न्हाई. आधी गोळ्या थुंकल्या, मंग अभ्र्यात घातल्या. मीच जागा राह्यलो."

म्हणजे हा माणूस, ज्याला आमच्या बुकात झोप चांगली होती, तो अठरा रात्री डोळे मिटून पहारा देत पडला होता. आमच्या तीस माणसांचा. आमच्या फुकट पहारेकऱ्याची समरसता कोणी मोजली असती तर पट्टी छताला भिडली असती.

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पाठ दाराकडं. मी ते पाहिलं आणि मला भीती वाटली. त्या माझ्याकडं न बघता बोलल्या.

"मी वॉर्डात यायला पायजे व्हतं. हुकूम मोडायचा व्हता. लिहिलं की पोचलं, असं मला वाटलं."

एवढ्या वर्षांत ‘वाटलं’ हा शब्द त्यांनी स्वतःबद्दल वापरलेला मी एकदाच ऐकला. आणि त्या शब्दावर रेघ मारायचा हक्क ज्याला नव्हता असा एकमेव माणूस खोलीत होता, तो मी.

डिस्चार्ज रद्द झाला. मी उठून थेट सचिवांकडं गेलो. सांगितलं की ते अकरा फॉर्म सिस्टरांनी भरलेले नाहीत, मी सांगितलं तसं भरलेत, हिरव्या पट्ट्या माझ्या आहेत. खरा फॉर्म एकच होता, तो लाल. आणि कागद दाबला तोही मीच. नोकरी जाईल अशा तयारीनं गेलो होतो, डबासुद्धा हातात घेतला होता.

सचिवांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "म्हणजे फॉर्म सगळ्यांनी भरले ना? मग झालं." अहवाल देणगीदारांना गेला होता. फ्लेक्स छापून आला होता. त्यावर धाकट्या सिस्टरचा गुच्छ घेतलेला फोटो होता. फ्लेक्स कसा बदलणार? मला सांगा, ह्याला काय म्हणायचं? माणूस स्टोअरात सडला तर चालतो, फ्लेक्स फाटता कामा नये.

डॉक्टर मात्र हटून बसले. बाई वॉर्डात येणार नसतील तर मीही येत नाही, म्हणाले. मग सचिवांच्या सहीचं पत्र निघालं. टाईप मीच केलं: ‘विशेष बाब म्हणून, कपडे विभागाच्या परिचारिकेस दररोज सायंकाळी पंधरा मिनिटे वॉर्डात प्रवेशाची मुभा देण्यात येत आहे.’ मुभा! ज्या वॉर्डाला त्यांनी वीस वर्षं पाठ दिली नाही, त्या वॉर्डात जायची मुभा.

बाईंनी पत्र वाचलं, घडी घातली, अंबाड्यात पेनाशेजारी खोचलं. आणि साडेपाचला चालत गेल्या. मामा पलंगावर बसूनच होते.

दोन महिन्यांनी मामा घरी गेले, खरोखर बरे होऊन. जाताना बाईंनी मुलाला शिकवून पाठवलं: मेंढरं कोंडताना मोज बापासोबत कर, मोठ्यानं, मग गोळी दे, आणि सांग की राखण माझी. कपड्यांचा रिपोर्ट आता रोज डॉक्टरांच्या टेबलावर जात होता. मी स्वतः नेऊन द्यायचो, आणि नेताना वाचायचो. धाकटीनं स्वतःच्या पैशानं एक लाल पेन आणलं. बाईंनी तिला सांगितलं, अंबाडा घाल आधी.

बाई स्टोअरातूनच निवृत्त झाल्या. वॉर्ड परत मिळाला नाही. हे मी मुद्दाम कोरडं लिहितोय.

निरोप समारंभाचं मानपत्र लिहायचं काम अर्थात माझ्याकडं. मी जीव ओतला. त्यागमूर्ती, सेवेचा नंदादीप, मायेची सावली, काहीच सोडलं नाही. प्रायश्चित्त होतं ते. आदल्या दिवशी दाखवायला नेलं तर त्यांनी अंबाड्याकडं हात नेला. एका पानावर इतक्या लाल रेघा मी आजवर पाहिल्या नाहीत. शेवटी एकच वाक्य उरलं: ‘त्या रोज पावणेआठला येत.’ त्यासमोर त्यांनी टिक केली.

समारंभाला परिपत्रक निघालं होतं, सर्व परिचारिकांची उपस्थिती बंधनकारक. सभागृह भरलेलं. बाई मंचावर, खुर्ची मागं सरकवून, पाठ भिंतीला. पहिल्या रांगेत त्यांचे मिस्टर, मांडीवर रिकामा डबा. सचिवांचं भाषण चालू होतं, समर्पण, समरसता, सगळं येत होतं. आणि मी बघत होतो की बाईंचे ओठ हलतायत. मोजत होत्या.

"साहेब," त्या मधेच म्हणाल्या. "इथं अकरा सिस्टर हायत."

सचिव हसून म्हणाले, हो, सगळ्या तुमच्यासाठी आल्या आहेत.

"मंग वॉर्डात कोण हाय?"

 धाकटी दचकून उठली, पण बाई तोवर मंचावरून उतरल्या होत्या. गळ्यातला हार काढून त्यांनी माझ्या हातात दिला. पळाल्या नाहीत. खुर्च्यांमधून, पाहुण्यांमधून, मेथीची जुडी निवडायला निघाल्यासारख्या चालत गेल्या. सचिवांनी भाषण पूर्ण केलं. खरंच केलं. रिकाम्या खुर्चीकडं हात करून केलं.

मी पेढ्यांची पुडी आणि हार घेऊन वॉर्डात पोचलो, तेव्हा त्या कोपऱ्यातल्या लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या. खुर्ची इंचभर सरकलेली होती, ती त्यांनी जागेवर घेतली होती. धाकटी शेजारी उभी, मान खाली घालून. तीसही जण आपापल्या पलंगावर बसले होते, साडेपाच वाजले नव्हते तरी.

मला अजूनही कळत नाही, मी तो प्रश्न का विचारला. खोडी म्हणा, किंवा दुसरं काही बोलता येईना म्हणा.

"बाई, आज शेवटचा दिवस. कसं वाटतंय?"

त्यांनी माझ्या पायांकडं पाहिलं. मग शेवटच्या पलंगापर्यंत नजर नेऊन परत आणली.

"तीस," त्या म्हणाल्या. "बराबर हायत."